घर आणि यंत्र : फिरत्या घराची बॅटरी भरत कां नाहीं?

गेल्या महिन्यांत ह्या सदरांत आम्हीं घरांतील इन्व्हर्टर व त्याची बॅटरी ह्यांविषयीं लिहिलें होतें. त्यावर पुष्कळ पत्रें आलीं. त्यांतील एका प्रश्नाचें उत्तर पुस्तकांतून देण्यापेक्षां आमच्याच घरीं घडलेल्या प्रसंगावरून देणें अधिक उपयोगाचें होईल, असें वाटल्यावरून तो प्रसंग येथें सांगतों. प्रश्न असा आहे, कीं नवी बॅटरी घातली, दिवसभर गाडी चालविली, तरीहि रात्रीं गाडींतील दिवे मंदावतात; तर दोष बॅटरीचा समजावा कीं नशिबाचा? आमचें उत्तर असें, कीं बहुधा दोहोंचाहि नव्हे.

पूर्वीं आमच्या मराठवाड्यांत यात्रेस निघावयाचें म्हणजे दमणी जुंपावयाची, खालीं कडबा व वर जाजम अंथरावयाचें, आणि कंदील बैलांच्या मानेखालीं टांगावयाचा. घर सोडलें तरी घरपण सुटत नसे. आतां तीच हौस मोटारगाडीनें पुरवितां येते. जिच्यांत निजावयाची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असते अशा गाडीस कोणी कॅरव्हान म्हणतात. आम्ही तिला फिरतें घर म्हणूं. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरण आंखलें. तेव्हांपासून हा शब्द परभणीसारख्या ठिकाणींहि ऐकूं येऊं लागला आहे.

आमचे वडील बंधु निवृत्तीनंतर पुण्यास राहतात. त्यांनीं एक जुनी प्रवासी गाडी घेऊन एका कारखान्यांत तिचें असें घर करवून घेतलें. ही हौस त्यांच्या स्वतःच्या सुखासाठीं नव्हती. आमच्या मातोश्रींना ब्याऐंशी वर्षें पूर्ण झालीं आहेत. बसून लांबचा प्रवास त्यांच्यानें होत नाहीं. मधुमेहामुळें दोन वेळां इन्शुलिन टोंचावें लागतें. आणि त्यांच्या मनांत एकच गोष्ट राहिली होती : गंगाखेडास पहांटे गोदावरीचें स्नान, जनाबाईचें दर्शन, आणि साधल्यास पुढें औंढ्या नागनाथास व नामदेवांच्या नरसीस जाऊन येणें. औंढा व नरसी हीं पूर्वीं आमच्याच जिल्ह्यांत होतीं. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून तीं तिकडे गेलीं. मातोश्री मात्र अजूनहि तीं ‘आपल्याच जिल्ह्यांतलीं’ म्हणतात.

वैशाखांतील एके संध्याकाळीं दादा व वहिनी ती गाडी घेऊन परभणीस आले. मे महिन्यांत येथील ऊन काय असतें, हें परभणीकरांस सांगावयास नको. पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढणें ही नित्याची गोष्ट. म्हणून गाडी अंगणांतील कडुनिंबाखालीं उभी केली. दुसऱ्या दिवशीं निघावयाचें, तर आजची रात्र आईनें गाडींतच निजून पाहावें, म्हणजे संवय होईल, असें दादांनीं ठरविलें. तें ठरविलें हें फार बरें झालें. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास गाडींतील छोटा फ्रिज बंद पडला, पाठोपाठ पंखे मंदावले, आणि मातोश्री घामाघूम होऊन उठून बसल्या. इन्शुलिनच्या कुप्या त्या फ्रिजमध्येंच होत्या. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उघडलेली कुपी ३० अंशांच्या खालीं सुमारें चार आठवडे चालते, आणि नेमकी मुदत वेष्टणावर दिलेली असते. आम्हीं कुप्या घरांतील फ्रिजमध्यें हलविल्या. पण हाच प्रसंग गंगाखेडास नदीकांठीं आला असता तर काय केलें असतें, हा विचार त्या रात्रीं कोणाच्याहि मनांतून गेला नाहीं.

दादांचा राग सर्वस्वीं बॅटरीवाल्यावर होता. चार महिन्यांत ही दुसरी बॅटरी. पहिली ‘खराब निघाली’ म्हणून बदलली. आतां हीहि तशीच, तेव्हां सकाळीं बाजार उघडतांच तिसरी आणावयाची, असा त्यांचा निश्चय झाला. आम्हीं एका दिवसाची मुदत मागून घेतली. दोन बॅटऱ्या एकाच रीतीनें बिघडतात, तेव्हां त्या ज्या घरांत नांदतात त्या घराकडे आधीं पाहावें. सुनेच्या बाबतींत जो न्याय, तोच येथेंहि लावावा.

प्रथम हिशेब मांडला. अशा गाडींत दोन बॅटऱ्या असतात : एक इंजिन सुरू करण्यासाठीं पुढें, आणि दुसरी घराच्या उपयोगासाठीं मागें. मागची बॅटरी १२ व्होल्टांची, २०० अँपिअर-तासांची. फ्रिज चालतो तेव्हां सुमारें ४ अँपिअर घेतो, आणि आमच्याकडील उन्हाळ्यांत तो दोन तृतीयांश वेळ चालूच असतो. म्हणजे दिवसाचे सुमारें ६४ अँपिअर-तास झाले. दोन पंखे दहा तास, त्यांचे ३०. दिव्यांचे ६ ते ८. एकूण शंभराच्या घरांत. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करूं नये, नाहींतर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. तेव्हां २०० पैकीं वापरावयाचे ते शंभरच. एका दिवसाचा शिधा. तो रोजच्या रोज भरला पाहिजे, आणि भरतांना कांहीं वांया जातो म्हणून सुमारें ११५ अँपिअर-तास आंत घालावयास हवेत. पुण्याहून येथवरच्या आठ-दहा तासांच्या प्रवासांत इतके सहज जावयास हवे होते. मग ते गेले कोठें?

येथें वहिनींनीं एक गोष्ट सांगितली, जी आजवर त्यांना कोणीं विचारलीच नव्हती. त्या म्हणाल्या, ‘गाडी चालू असतांनासुद्धां फ्रिज सुरू झाला कीं मागचे दिवे क्षणभर मंद होतात, पुढचे मात्र होत नाहींत.’ पुढचे दिवे मंदावत नाहींत, अर्थात् इंजिनावरील वीज निर्माण करणारें यंत्र, ज्याला कारागीर अल्टरनेटर म्हणतात, तें ठीक आहे. दोष त्याच्या पुढें, म्हणजे मागच्या बॅटरींत किंवा तिथवर जाणाऱ्या वाटेंत आहे. जो घरांत वावरतो त्याला दुखणें आधीं कळतें. कारागिराला बोलाविण्यापूर्वीं घरांतील माणसांना विचारावें, हा ह्या लेखांतील पहिला धडा.

वसमत रस्त्यावरील एक तरुण कारागीर उजाडतांच आला. त्याच्या हातीं मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजण्याचें साधें यंत्र होतें. सर्व उपकरणें बंद करून कांहीं तास गेले होते, म्हणून बॅटरीचें विश्रांतीचें माप घेतलें : ११.८ व्होल्ट. शिशाच्या बॅटरींत सहा खण असतात, आणि प्रत्येक पूर्ण भरलेला खण सुमारें २.१ व्होल्ट देतो. तेव्हां पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतींत १२.६ ते १२.७ दाखविते, निम्मी भरलेली १२.१ ते १२.२, आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. दादा म्हणाले, ‘पाहा, खराब आहे.’ कारागीर म्हणाला, ‘साहेब, ही आजारी नाहीं, उपाशी आहे.’ आम्हांस हें वाक्य फार आवडलें.

मग इंजिन सुरू केलें. पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, मागच्या बॅटरीवर अवघे १३.१. वाटेंत १.१ व्होल्ट नाहींसे होत होते. ही परीक्षा बॅटरी रिकामी असतांनाच करावी. ती भरली कीं प्रवाह कमी होतो, आणि वाटेंतील दोष लपून बसतो. आतां कोणी म्हणेल, एवढ्याशा एका व्होल्टाचें काय मोठें? परंतु उंचावरील हौदांतून खालच्या रांजणांत पाणी नेतांना जोर येतो तो हौदाच्या सगळ्या उंचीमुळें नव्हे, दोन्ही पातळ्यांतील फरकामुळें. भरलेली बॅटरी १२.७ वर असते. १४.२ नें भरावयास गेलें तर शेवटीं दीड व्होल्टाचा जोर उरतो, १३.१ नें गेलें तर अर्धाहि नाहीं. बॅटरी निम्मी-शिम्मी भरते आणि मग प्रवाह गळून जातो.

चोर शोधण्याची रीत सोपी आहे. मीटरचें एक टोंक वाटेच्या एका तुकड्याच्या आरंभीं व दुसरें त्याच्या शेवटीं लावावें. जेथें व्होल्ट दिसतील तेथें ते हरवत आहेत. दोन्ही बॅटऱ्या जोडणारी रिले तपासली. तेथें कांहीं नव्हतें. पुढून मागें येणाऱ्या तारेंत ०.६ व्होल्ट सांपडले. आणि मागच्या बॅटरीची ऋण तार गाडीच्या सांगाड्यास जेथें बोल्टानें आवळली होती, तेथें उरलेले ०.५. बोल्ट काढून पाहतों तों खालीं रंगाचा थर तसाच, आणि त्यावर तांबूस गंज. रंग खरवडल्यावांचूनच कोणीं तार आवळून टाकली होती.

तारेचा दोष तिच्या जाडींत होता. ती २.५ चौरस मिलिमीटरची, घरांतील सॉकेटला जोडतात तशी, आणि सात मीटर लांब. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारें ०.०१७५ ओहम असतो. त्यावरून सात मीटरांचा रोध ०.०४९ ओहम; त्यांतून १२ अँपिअर गेले कीं ०.६ व्होल्ट उणे. घरांतील २३० व्होल्टांत इतकी तूट कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. बारा व्होल्टांत तीच तूट विसावा हिस्सा होते. ज्यानें तार घातली त्यानें घरची संवय गाडीस लावली. त्यानें कपट केलें असें आम्हांस वाटत नाहीं. हिशेब केला नाहीं इतकेंच.

त्याच दिवशीं २५ चौरस मिलिमीटरची तार टाकली. तिच्या दोन्ही टोंकांस नीट दाबून बसविलेले लग, आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक फ्यूज लावला. कारण तारेच्या दोन्ही टोंकांस बॅटरी असल्यामुळें मध्यें घर्षण होऊन सांगाड्यास चिकटल्यास आग दोन्हीकडून लागूं शकते. बोल्टाखालचा पत्रा लखलखीत होईपर्यंत घांसला. पुन्हां इंजिन सुरू करतांच मागें १४ व्होल्ट, आणि बाराच्या जागीं तीस अँपिअर! एकंदर खर्च तिसऱ्या बॅटरीच्या चतुर्थांशहि झाला नाहीं.

तरी बॅटरी निर्दोष आहे हें अजून ठरावयाचें होतें. घरच्या विजेवरील चार्जरनें ती दिवसभर भरली. नंतर हायड्रोमीटरनें प्रत्येक खणांतील आम्लाचें विशिष्ट गुरुत्व पाहिलें : सहाहि खणांत १.२४ च्या आसपास, आमच्याकडील उष्ण हवेसाठीं बनविलेल्या बॅटरीस योग्य असें. एखादाच खण इतरांहून ०.०३ ते ०.०५ नें मागें राहिला असता, तर तो खण गेला असें समजावें लागलें असतें. पहिली बॅटरीहि, आतां वाटतें, निर्दोषच असावी. अर्धपोटीं ठेवलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर गंधकाम्लापासून झालेल्या शिशाच्या क्षाराचे कठीण स्फटिक बसतात, आणि मग ती भरूं म्हटलें तरी भरत नाहीं. उपासमारीनें मेलेल्यास जन्मतःच दुर्बळ ठरवावें, तसें तिचें झालें.

एक गोष्ट मात्र आम्हांस हिशेबाच्या बाहेर सांपडली, आणि तिनें अंगावर कांटा आला. बॅटरी मातोश्रींच्या पलंगाखालीं एका बंद पेटींत होती, आणि त्या पेटीस बाहेर जाणारी नळीच नव्हती. पाणी घालावयाची शिशाची बॅटरी भरत आली कीं तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत तो शेंकडा ४ झाला तरी एका ठिणगीनें स्फोट होऊं शकतो. आम्लाचे सूक्ष्म तुषारहि त्याबरोबर येतात. रात्रीं मातोश्री ‘कसलासा आंबूस वास येतो ग’ असें वहिनींना म्हणाल्या होत्या. आम्हीं तें म्हातारपणाचें बोलणें समजून सोडून दिलें होतें! पेटीस घट्ट झांकण व बाहेर उघडणारी नळी बसविल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढावयाची नाहीं, असें ठरविलें, आणि तें पाळलें.

राहिला प्रश्न छपरावरील सौर पत्र्यांचा. ते दिवसभर कडुनिंबाच्या सावलींत होते. पत्र्याच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याचें उत्पन्न तिच्या प्रमाणाबाहेर घटतें. शिवाय पत्रा तापला कीं २५ अंशांवरील प्रत्येक अंशामागें शेंकडा सुमारें ०.४ नें वीज कमी होते, म्हणजे ६५ अंशांवर शेंकडा १६ नें. आईला सावली हवी, बॅटरीला ऊन हवें. दोघांचें एकाच वेळीं साधत नाहीं. म्हणून वहिनींनीं वेळापत्रक केलें : सकाळीं आठ ते अकरा गाडी उन्हांत, तेवढा वेळ आई देवळांत किंवा कोणाच्या ओसरीवर, अकरानंतर गाडी झाडाखालीं. पत्र्यांवरील धूळ रोज पहांटे ओल्या फडक्यानें पुसावयाची. मोबाइल भरण्यासाठीं इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवण्याची रीत बंद केली. कांहीं काम न करतांहि तो तासाला एक अँपिअर खात होता, म्हणजे दिवसाचे चोवीस.

आतां वाचकांसाठीं सर्व क्रमानें. गाडी असो, ट्रॅक्टर असो, किंवा आषाढींत पंढरीच्या दिंडीबरोबर दिवे व ध्वनिक्षेपक घेऊन जाणारा ट्रक असो. शेगांवची पालखी परभणी-गंगाखेडावरून जाते तेव्हां असे ट्रक आपण पाहतोंच. प्रथम टर्मिनलांवर पांढरी-हिरवी भुकटी आहे काय तें पाहावें. असल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावी, मात्र तें पाणी खणांत जाऊं देऊं नये, आणि वाळल्यावर व्हॅसलीन लावावें. मग फ्यूज, मग विश्रांतीचे व्होल्ट, मग इंजिन चालू असतां दोन्ही टोंकांचे व्होल्ट, मग वाटेंतील तूट, आणि सर्वांच्या शेवटीं बॅटरी. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात. डिस्टिल्ड वॉटर बॅटरी भरल्यानंतर घालावें; आधीं घातल्यास भरतांना आम्ल उतूं जातें. पत्रे उघडे पडले असतील तर मात्र ते बुडण्यापुरतें आधीं घालावें. काम करतांना ऋण तार आधीं सोडावी व शेवटीं जोडावी. आणि भगिनींनीं हातांतील बांगड्या, आंगठ्या व गळ्यांतील मंगळसूत्र काढून किंवा कपड्यांत नीट झांकून मगच बॅटरीजवळ जावें. सोन्याची बांगडी दोन टर्मिनलांमध्यें अडकली तर ती क्षणांत लाल होते.

ज्यांची गाडी नवी आहे त्यांनीं आणखी एक जाणावें. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ ह्या प्रदूषणाच्या कसोटीस उतरणाऱ्या गाड्याच विकल्या जातात. त्यांतील पुष्कळ गाड्यांत इंधन वांचविण्यासाठीं अल्टरनेटरचा दाब संगणक मधून मधून उतरवितो. अशा गाडींत तार कितीहि जाड असली तरी मागची बॅटरी उपाशीच राहते; तेथें दाब वाढवून देणारा डीसी-टु-डीसी चार्जर लागतो. ज्यांनीं लिथियमची बॅटरी घेतली आहे, त्यांनीं तिची स्थिति नुसत्या व्होल्टांवरून ओळखूं नये, कारण तिचे व्होल्ट बराच काळ जवळजवळ सारखेच राहतात. शिवाय अशा पुष्कळ बॅटऱ्यांचा रक्षक ४५ अंशांच्या वर भरणें थांबवितो. बंद गाडींत आमच्या वैशाखांत तितकें तापमान दुपारीं सहज होतें. तेव्हां ‘बॅटरी बिघडली’ असें म्हणण्यापूर्वीं दारें उघडून सायंकाळपर्यंत वाट पाहावी.

शिशाची बॅटरी ही काय नवीन वस्तु नव्हे. फ्रान्समध्यें गास्तों प्लांते ह्यांनीं ती १८५९ सालीं केली. दीडशें वर्षांहून अधिक काळ ती एकच गोष्ट मागत आली आहे : वेळेवर व पोटभर अन्न.

दोन दिवसांनीं आम्ही निघालों. गंगाखेड येथून चाळीसेक किलोमीटर. दैठण्यावरून जातांना मातोश्री खिडकींतून शेतें पाहत पडून होत्या. मुक्काम नदीजवळ केला. यंत्रावर भरंवसा ठेवूनहि वहिनींनीं एक मोठें मडकें, त्यांत वाळू, वाळूंत लहान मडकें, आणि वर ओलें फडकें असा सरंजाम बरोबर घेतला होता. कोरड्या उन्हाळ्यांत पाण्याच्या बाष्पीभवनानें आंत बाहेरच्यापेक्षां बराच गारवा राहतो. उघडलेल्या कुपीला अडचणीच्या वेळीं तेवढा आधार होतो. पावसाळ्यांतील दमट हवेंत मात्र ही युक्ति चालत नाहीं.

मडक्याची गरज पडली नाहीं. पहांटे चार वाजतां आम्हीं मीटर लावून पाहिला : १२.४. फ्रिज संथपणें गुणगुणत होता. मातोश्री आधींच जाग्या होऊन केस विंचरीत बसल्या होत्या. पात्रांत पाणी बेताचेंच होतें; दादांनीं व आम्हीं दोहों बाजूंनीं धरून त्यांना पायरीवर बसविलें, आणि वहिनींनीं तांब्यानें पाणी घातलें. जनाबाईच्या देवळांतून परत येतांना त्या दादांना म्हणाल्या, ‘तुझ्या गाडीला आतां कोणीं बोल लावूं नये हो.’ दादा कांहीं बोलले नाहींत. घरीं आल्यावर मात्र त्यांनीं त्या बॅटरीवाल्यास दूरध्वनि करून, रागाच्या भरांत आपण जें बोललों त्याबद्दल क्षमा मागितली. आमच्या मतें त्या दुरुस्तींतील शेवटचा बोल्ट तेव्हां आवळला गेला.